घर घेण्याआधी तागा उघडून पाहा

कापडाचा व्यापारी सुरतेहून किंवा मालेगावहून माल घेतो तेव्हा काय करतो? तागा उलगडतो, उजेडासमोर धरतो, पन्हा मोजतो, काठ पाहतो, एखादा धागा ओढून पाहतो. डाग निघाला तर भाव कमी करून घेतो, नाहीतर माल परत करतो. दोन-तीन हजारांच्या मालासाठी एवढी चौकसाई! आणि तोच व्यापारी आयुष्यभराची कमाई घालून घर घेतो तेव्हा काय पाहतो? भिंतीचा रंग, फरशीची चमक, दारासमोरचा रस्ता. अर्ध्या तासात मन भरते आणि "बिस्मिल्ला करा" म्हणून इसार देऊन तो मोकळा होतो. पुढच्या पावसाळ्यात छत गळू लागले की मग त्याला घराची खरी ओळख होते.

दुकानदार, शिंपी, सुतार, वेल्डर, विणकर अशा बंधूंसाठी घर म्हणजे नुसते राहण्याचे ठिकाण नसते. पुढे दुकान, मागे राहणे, वर मालाची खोली असा आपला संसार. घरात खोट निघाली तर दुरुस्तीचा पैसा धंद्याच्या भांडवलातून जातो. भांडवल गेले की माल कमी, माल कमी की गिऱ्हाईक कमी. म्हणून या पानावर आज घराच्या तपासणीचा विचार करू.

कर्ज नाही, म्हणून तपासणीही नाही

बँकेचे किंवा गृहकर्ज कंपनीचे कर्ज घेऊन जो घर घेतो, त्याच्या घरी दोन माणसे येऊन जातात. एक मूल्यांकन करणारा. तो घर मोजतो, बांधकामाचे वय पाहतो, किंमत ठरवतो. दुसरा वकील. तो मागची कागदपत्रे शोधून अहवाल देतो. बँक हे आपल्या पैशाच्या काळजीपोटी करते, घेणाऱ्याच्या काळजीपोटी नाही. भिंतीतल्या प्रत्येक दोषाची ती हमी घेत नाही. तरीही निदान दोन जाणत्या नजरा त्या घरावरून फिरतात.

आपल्यापैकी अनेक जण व्याजाचा व्यवहार टाळतात. भिशीचे पैसे, बायकोचे दागिने, भावाची मदत आणि दुकानातली शिल्लक मिळून घर घेतात. व्याजातून सुटका झाली, चांगले झाले. पण त्याबरोबर ती तपासणीही सुटली, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कर्जाशिवाय घर घेणाऱ्याने बँकेचे हे काम स्वतः केले पाहिजे. स्वतःचा अभियंता, स्वतःचा वकील, आणि दोघांची फी स्वतःच्या खिशातून. दलालाने आणलेला किंवा विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री चालणार नाही. ज्याचे पैसे घेतो त्याच्या बाजूने माणूस बोलतो. ही फी घराच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते.

काळी आणि पांढरी

आपल्या मराठी मुलखात जुने लोक जमिनीचे दोन भाग करीत. काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे गावठाण. घरे पांढरीवर, पीक काळीत. त्यात मोठा अनुभव होता. कापसाची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात पाचोरा-भडगावकडच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण पाहतो. हीच माती घराखाली असली तर घरही दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खचते.

गावे वाढली. गावठाणाबाहेरच्या शेतांचे बिनशेती प्लॉट झाले आणि नव्या वसाहती काळीवर उभ्या राहिल्या. काळीवर घर बांधू नये असे नाही. पण तिथे पाया उथळ चालत नाही. जो वरचा थर ऋतूप्रमाणे फुगतो-आकसतो, त्याच्या खाली घट्ट मुरमापर्यंत पाया नेला पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर बुंधा असलेले खांब जमिनीत उतरवतात. ही पद्धत रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केली. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा : पाया किती खोल आहे आणि तो कशावर टेकला आहे? बांधणारा मिस्त्री गावातच असतो, त्याला गाठावे. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चालू असेल तर तिथे जाऊन माती पाहावी.

भिंत काय सांगते

भिंतीवरच्या सगळ्या भेगा सारख्या नसतात. गिलाव्यावर केसासारख्या जाळीदार रेषा असतील तर तो बहुधा गिलाव्याचा दोष. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे दिसणारी भेग पाया हलल्याची खूण असू शकते. दारे चौकटीत अडकतात का, खिडक्या नीट लागतात का, हेही पाहावे. फरशीवर काचेची गोटी ठेवावी. प्रत्येक खोलीत ती एकाच बाजूला पळत असेल तर कारण विचारावे.

भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालू आहे, हे ओळखण्याची साधी युक्ती आहे. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी लावावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. काही आठवड्यांनी पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. काळ्या मातीवरचे घर एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात पाहता आले तर उत्तम. जी भेग मे महिन्यात उघडते ती सप्टेंबरमध्ये मिटलेली दिसू शकते.

भिंतीच्या तळाशी पांढरा भुगा पडत असेल, रंग पोपडे होऊन निघत असेल, तर लोणा लागला आहे. जमिनीतील ओल क्षार घेऊन वर चढते. विकण्यापूर्वी घाईने दिलेला नवा रंग, फक्त एकाच भिंतीला लावलेल्या टाइल्स, मागे सरकवून ठेवलेले कपाट, या गोष्टी दिसल्या की तिथेच जास्त वेळ थांबावे. कपाट हलवायला सांगण्यात लाज नको. आपण गिऱ्हाइकाला थप्पीच्या तळचा तागा काढून दाखवतोच ना?

छत, स्लॅब आणि धाबे

स्लॅबखाली उभे राहून वर पाहावे. तांबूस डाग, सळईच्या रेषेत गेलेली लांब भेग, सिमेंटचे पापुद्रे सुटून उघडी पडलेली सळई, ही गंजाची लक्षणे आहेत. गंजलेली सळई फुगते आणि आजूबाजूचे काँक्रीट ढकलून पाडते. लाकडी दांड्याने हलके ठोकावे. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कुणालाही कळतो. मग गच्चीवर जावे. पाणी कुठे साचते, उतार कुठे आहे, नळीची तोंडे मोकळी आहेत का, हे पाहावे. वरच्या मजल्यावर न्हाणीघर असेल तर त्याच्या खालची खोली आठवणीने पाहावी.

शंका आली तर अभियंत्याकडून यंत्राने चाचणी करून घेता येते. काँक्रीटवर ठोका देऊन त्याचा कठीणपणा मोजणारा हातोडा असतो. आवाजाच्या लहरी आरपार पाठवून आतली पोकळी शोधणारे यंत्र असते. दोन्हींत काँक्रीट फोडावे लागत नाही.

जुन्या पेठेतले धाब्याचे घर असेल तर नजर वेगळी हवी. सागाचे खांब, तुळया, वर कड्या आणि मातीचा थर. चांगले सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते तिथे ओल आणि उधई आधी पोचते. टोकाजवळ जाड सुई किंवा पेचकस टोचून पाहावा. सहज आत गेला तर लाकूड खाल्ले गेले आहे. दुसरे, गळती थांबावी म्हणून धाब्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवले जातात आणि ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छत अंगावर कोसळून. मातीचे घर वाईट असे नव्हे. पण छतावर किती माती आहे आणि भिंत ते पेलते का, हे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

वर माल ठेवणार असाल तर

हा मुद्दा खास व्यापारी बंधूंसाठी. राहण्याच्या घराची जमीन साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो. माणसे, पलंग, कपाट यांना ते पुरते. त्याच खोलीत छातीएवढ्या उंच कापडाच्या थप्प्या लावल्या, किंवा लोखंड, फरशी, धान्याची पोती ठेवली, तर भार दुपटीच्याही पुढे जातो. गोदामाचा स्लॅब म्हणूनच वेगळा आखावा लागतो. यंत्रमागासारख्या सतत हादरे देणाऱ्या यंत्रांना तर तळमजल्याचीच जमीन बरी.

घर एकमजली म्हणून बांधले आणि नंतर वर मजले चढवले, हे आपल्याकडे सर्रास होते. पाया आणि खांब किती मजल्यांसाठी होते? मंजूर नकाशात किती मजले आहेत? दोन्ही उत्तरे जुळत नसतील तर अभियंत्याच्या लेखी मताशिवाय पुढे जाऊ नये. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतील जिलानी बिल्डिंग कोसळली. १९८४ साली बांधलेली ती तीन मजली इमारत. झोपेत असलेली तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गेली. भिवंडी हे यंत्रमागाचे गाव, तिथे राहणारे आपल्यासारखेच कष्टकरी. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची अभियंत्याकडून तपासणी करून मजबुतीचा दाखला देण्याची सक्ती कायद्याने केली आहे. तालुक्याच्या गावी कुणी विचारो न विचारो, घेणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

पाणी, पूर आणि वीज

उन्हाळ्यात बोअरला पाणी किती राहते, नळ किती दिवसांनी येतो, हे मालकापेक्षा शेजारीण खरे सांगते. शौचालयाची टाकी किंवा शोषखड्डा बोअरच्या जवळ आहे का, हे पाहावे. रस्त्यावर दरवेळी काँक्रीटचा नवा थर पडत गेल्याने अनेक जुनी घरे रस्त्याच्या खाली गेली आहेत. पावसाचे पाणी आधी उंबरठ्यात आणि मग दुकानात शिरते. कापडवाल्याला भिजलेल्या मालाचे दुःख सांगायला नको.

नदी-नाल्याच्या काठचे घर असेल तर पूररेषा विचारावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरले, ते फार जुने नाही. त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आले होते, हे गल्लीतला लहान पोरही भिंतीवर हात ठेवून दाखवील.

विजेचा मीटर कुणाच्या नावावर आहे, थकबाकी आहे का, अर्थिंग आहे का, वायरिंग किती जुने आहे, हेही बघावे. शिलाई मशीन आणि इस्त्रीचा भार जुन्या तारांवर टाकला तर ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

नवे घर म्हणजे निर्धोक घर नव्हे

जुन्या घराची भीती वाटते म्हणून काही जण नवा फ्लॅट किंवा रो-हाऊस घेतात. महाडच्या काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी ती कोसळली आणि १६ जण दगावले. ढिगाऱ्यातून सुमारे १९ तासांनी चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला, हे साऱ्या देशाने पाहिले. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला लकी कंपाऊंडमधील बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच पडली. त्यात ७४ बळी गेले. स्वस्तात मिळते आणि ताबा लगेच मिळतो, या दोन गोष्टींनी गरिबाला तिथे नेले होते.

नव्या बांधकामाला रेरा कायद्याचा आधार आहे. २०१६ चा हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ताब्यानंतर पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष दाखवला तर बिल्डरने तो विनामूल्य ३० दिवसांत दुरुस्त करायचा आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यासही मनाई आहे. पण लक्षात ठेवा, जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा घरे आठांपेक्षा अधिक नसतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावात चार-सहा रो-हाऊसची अनेक कामे या मर्यादेच्या आतच राहतात. तिथे आधी आपलीच नजर कामी येते. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावेच.

कागदाचीही तपासणी

भिंत पक्की आणि कागद कच्चा, असे घर काय कामाचे? सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका किंवा सातबारा, फेरफार, आणि दुय्यम निबंधकाकडचा मागील ३० वर्षांचा शोध, एवढे वकिलाकडून पाहून घ्यावे. नगरपालिकेचा घरपट्टीचा उतारा कर कोण भरतो ते सांगतो. तो मालकीचा पुरावा नव्हे. मिळकत पत्रिकेवर वक्फ किंवा सरकारी शर्तीची नोंद असेल तर तिथेच थांबावे.

आपल्या घरांत एक गोष्ट विशेष पाहावी लागते. वडील वारले आणि घर थोरल्या भावाच्या ताब्यात आले, म्हणून तो एकटा मालक होत नाही. आई, बहिणी, सगळ्यांचा हिस्सा त्यात असतो. एका वारसाची सही फक्त त्याचा हिस्सा विकते. बहीण सासरी मालेगावात असो की सुरतेत, खरेदीखतावर तिची सही हवी, किंवा तिने रजिस्टर हक्कसोडपत्र केलेले हवे. "बहिणी काही बोलणार नाहीत" या शब्दावर पैसे देऊ नयेत.

ऐब कुणी सांगायचा?

शरियतमध्ये खरेदीदाराला खियार-ए-ऐब आहे. सौद्याच्या वेळी असलेला आणि ग्राहकाला न कळलेला दोष नंतर निघाला तर माल परत करण्याचा तो हक्क. मालातली खोट लपवून विकणे आपल्याकडे हरामच मानले आहे. आपल्या देशात घराचा सौदा मात्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने चालतो. त्याचे कलम ५५ जवळपास तेच सांगते. जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे.

पण "साधारण काळजी" हे शब्द नीट वाचा. जो दोष डोळे उघडे ठेवले असते तर दिसला असता, त्याची तक्रार घेऊन कोर्टात जाणे अवघड. आणि लपवलेला दोष मालकाला माहीत होता हे सिद्ध करायला वर्षे जातात. खरेदीखतात "आहे त्या स्थितीत घर पाहून पसंत केले" अशी ओळ असते. ती ओळ खरी करा. खरोखर पाहा.

इसारपावतीत एक ओळ

अमेरिकेत घर घेणारा स्वतःच्या खर्चाने तपासनीस नेमतो. १९७६ साली तिथे अशा तपासनीसांची संघटना उभी राहिली. सौद्यात अट घालून ठेवली असेल तर तपासणीत मोठा दोष निघाल्यावर दिलेली रक्कम परत घेऊन बाजूला होता येते, किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घेता येतो. आपल्याकडे असा वेगळा पेशा रुजलेला नाही, पण ही रीत उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. इसारपावतीत एवढेच लिहून घ्या : "खरेदीदाराने नेमलेला अभियंता व वकील १५ दिवसांत घर व कागदपत्रे तपासतील. गंभीर दोष आढळल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत केली जाईल." प्रामाणिक मालक याला हरकत घेणार नाही. जो फार चिडतो, तो आपले काम सोपे करतो.

इसार चेकने किंवा बँकेतून द्यावा. स्थावर मिळकतीच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई केली आहे, आणि भांडण झालेच तर बँकेची नोंद हाच आपला साक्षीदार. अभियंत्याचे मत तोंडी घेऊ नये. दोष कोणता, दुरुस्ती कोणती, खर्च किती, हे त्याने सहीनिशी लिहून द्यावे. तो कागद घेऊन मालकाशी बसावे. दोष निघाला म्हणजे घर सोडलेच पाहिजे असे नाही. लोणा काढता येतो, गच्ची दुरुस्त होते, वायरिंग बदलता येते. तेवढे पैसे भावात कमी झाले की सौदा दोघांनाही हलाल आणि हलका. पाया खचलेला असेल, स्लॅबची सळई गंजून गेली असेल, किंवा एखादा वारस सही करीत नसेल, तर मात्र उठून यावे. त्या गल्लीत नाही तर दुसऱ्या गल्लीत घर मिळेल.

आपले पूर्वज काळी-पांढरी पाहून घर बांधीत, आणि आपण फरशीची चमक पाहून घेतो. पुढच्या वेळी घर पाहायला जाल तेव्हा टॉर्च, पेचकस, एक गोटी आणि एक जाणता माणूस बरोबर न्या. इसार त्यानंतर.